तांदळातलं नाव

आमच्या मुलीचं नाव दोन वंशावळींमध्ये असायला हवं होतं. ते एकीतही छापलेलं नाही. हे सगळं शांतपणे लिहायचं असं ठरवून मी बसले आहे, पण शांतपणा माझ्या स्वभावात मुळातच कमी, आणि सत्तरी उलटल्यावर तो नव्याने कुठून आणायचा?

पहिली वंशावळ आमच्या घराण्याची. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या घराण्याची. 'आमच्या' म्हणायची सवय लागली ती लागली. त्यांच्या आडनावाच्या लोकांनी मिळून कुलवृत्तांत छापला आहे. जाडजूड ग्रंथ, कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुलदैवताचा फोटो. मूळपुरुष कोण, तो कोकणातून घाट चढून वर कधी आला, त्याला मुलगे किती, त्या मुलग्यांना मुलगे किती, असं ते खाली खाली उतरत येतं. आमचे हे रिटायर झाल्यापासून नव्या आवृत्तीसाठी अमेरिकेतल्या शाखांची माहिती जमवतात. शिकागोजवळ नेपरव्हिलच्या आमच्या घरात बेसमेंटला मुलीचं पिंगपाँगचं टेबल होतं. ते अजून तिथेच आहे, फक्त त्यावर आता जाळी नाही, ह्यांचे कागद आहेत. तिथे बसून हे डॅलसला, सिअ‍ॅटलला फोन लावतात आणि कुणाच्या तरी आयटीतल्या मुलाला "तुझे पणजोबा कुठल्या गावचे?" असं विचारतात. तो बिचारा मीटिंगमध्ये असतो.

मुलींबद्दल या ग्रंथाचा नियम सोपा आहे. मुलगी अविवाहित असेल तोवर तिचं नाव छापतात. लग्न झालं की नाव जातं आणि 'कन्या एक, विवाहित' एवढंच उरतं, कारण तिची नोंद आता सासरच्या कुळात व्हायची. सुनांची नावं मात्र येतात, सासरी ठेवलेली. त्यामुळे मी त्या ग्रंथात आहे. पण ते नाव माझ्या आईनं ठेवलेलं नाही.

आमच्यात लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या वेळी ते सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं, ह्यांच्या नावाला शोभेलसं. ह्यांनी लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, साखर वाटली. संध्याकाळपर्यंत सगळं घर मला त्या नावानं हाका मारायला लागलं, आणि हाक मला आहे हे मला कळेचना. नव्या सूनबाईंना ऐकायला कमी येतं अशी कुजबूज झाली. पुढे पासपोर्ट त्याच नावाचा झाला, ग्रीन कार्ड झालं, हॉस्पिटलच्या लॅबमधला माझा बिल्ला झाला. माझे वडीलसुद्धा पत्रावर तेच नाव घालायचे, सासरच्यांना वाईट वाटू नये म्हणून. आई तेवढी शेवटपर्यंत जुन्या नावानं बोलवायची. ती गेल्यावर ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दुसरी वंशावळ आमच्या जावयाच्या घरची. तो नेब्रास्काचा. त्याचा खापरपणजोबा आणि खापरपणजी बैलगाडीतून त्या माळावर आले तेव्हा सरकार तिथली जमीन फुकट वाटत होतं. पाच वर्षं राहून दाखवा, घर बांधा, नांगरा, मग जमीन तुमची. झाड नाही, दगड नाही, म्हणून त्यांनी गवताच्या मुळांसकट जमिनीचीच ढेकळं कापली आणि भिंती रचल्या. त्या मातीच्या घरात त्या बाईला एकामागून एक मुलं झाली. काही तिथेच गेली, आणि उरलेल्यांची मिळून आता एवढी प्रजा आहे की उन्हाळ्यात सगळे जमतात तेव्हा गावातला हॉल पुरत नाही. त्यांच्या आधी त्या माळावर कोण राहत होतं आणि त्यांची वंशावळ कुणी छापली आहे का, असं मी एकदा त्यांच्याकडे जेवताना विचारलं होतं. सगळे एकदम बटाट्याच्या सॅलडकडे बघायला लागले. ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

तसे आमच्या मंडळात हेसुद्धा 'पायोनियर' आहेत. शिकागोत मराठी माणूस शोधून सापडत नव्हता तेव्हा हे आले, म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून शाल देतात. निवेदक त्यांचं नाव घेतो आणि पुढे 'सपत्नीक' म्हणतो. ती सपत्नीक म्हणजे मी.

मुलीचं लग्न इथेच झालं, हायवेजवळच्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये. भटजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारे आणि शनिवार-रविवार सोवळं नेसणारे. माझ्या नणंदेनं पुण्याहून येताना खास तांदळासाठी चांदीचं ताट आणलं होतं, सामानात साड्यांच्या मध्ये गुंडाळून. मी मुलीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, हे नको. तुला नाव आहे. ते मी ठेवलंय, तुझ्या बाबांशी आणि आजीशी भांडून ठेवलंय.

"आई, यू आर सो ड्रॅमॅटिक," ती म्हणाली. कोपरापर्यंत मेंदी, डोक्यावर मुंडावळ्या आणि तोंडात च्युइंगगम. "इट्स जस्ट राइस."

"माझ्या वेळीही तांदूळच होते," मी म्हटलं.

ती हसली आणि च्युइंगगम माझ्या हातातल्या कागदी रुमालात टाकून निघून गेली. नणंदेनं ऐकलं होतं. "उचलली जीभ लावली टाळ्याला," ती मला म्हणाली. "चांगल्या दिवशी असं बोलू नये वहिनी."

जावयानं अभ्यास केला होता. नवरा मुलगा नाव निवडतो, हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं आणि कुणालाही न सांगता सरप्राइज ठेवलं होतं. तो डावखुरा. अंगठी डाव्या हातात धरून त्यानं तांदळात इंग्रजी मोठी अक्षरं कोरली, शाळेतल्या पोरासारखी एकेक. ते त्याच्या घराण्यातलं सगळ्यात पूज्य नाव होतं. त्या मातीच्या घरातल्या खापरपणजीचं.

त्याची आजी पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली, ताटावर वाकली, तिनं ते वाचलं आणि ती रडायलाच लागली. इतक्या पिढ्यांत म्हणे ते नाव कुणी कुणाला ठेवायची हिंमत केली नव्हती. मग त्यांच्याकडचे सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि आमच्याकडचे काही न कळून वाजवायला लागले. भटजी माइकवर "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस" म्हणाले. नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "बघा, किती मान दिला आपल्या पोरीला." मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या हातात साखरेची वाटी होती, पण ती खाली ठेवता आली असती.

ते तांदूळ मी घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भात केला. घरात पाहुणे होते, टाकून थोडेच द्यायचे?

आमच्या लोकांच्या लेखी ती गंमत त्या भाताबरोबर संपली. त्यांच्या लेखी तिथून सुरू झाली. आपण रीत करतो आणि जेवायला बसतो. त्यांना वाटलं, एवढ्या मंत्रांनी, एवढ्या लोकांसमोर सोन्यानं लिहिलेलं नाव म्हणजे खरंच नाव. नाताळला शेकोटीपाशी टांगायचा लोकरीचा मोजा आला, त्यावर तेच नाव विणलेलं. वाढदिवसाच्या केकवर तेच. आजी तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाकच मारेना.

सुरुवातीला मुलगी फोनवर हसत सांगायची. "आई, ग्रँडमा सेज, मी त्या बाईसारखी हसते. हाऊ वुड शी नो? तिचा एकच फोटो आहे, अँड शी इज नॉट स्मायलिंग!" पुढे पुढे हसणं कमी झालं. एकदा म्हणाली, "करेक्ट करायला गेलं की त्यांना हर्ट होतं, यार. जाऊ दे." हे 'जाऊ दे' ती नेहमी मराठीतच म्हणायची. माझ्याकडूनच उचललेलं होतं.

मग ती आजारी पडली. मी आयुष्यभर लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड्स बघितल्या. तिनं तिचा रिपोर्ट मला फोनवर वाचून दाखवायला घेतला आणि अर्ध्यातच मला पुढचं कळलं, तरी तिला पूर्ण वाचू दिलं. त्या महिन्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही, मला ते जमत नाही. फक्त फुलांचं सांगते. ती नेब्रास्कातल्या ओमाहाच्या हॉस्पिटलमध्ये असताना आजीनं फुलं पाठवली. ती खाली रिसेप्शनवर पडून राहिली, कारण त्या नावाचा पेशंट हॉस्पिटलमध्ये नव्हता. मी चहा आणायला खाली गेले तेव्हा पाकिटावरचं नाव ओळखलं आणि घेऊन वर आले. फुलांनी माना टाकल्या होत्या. मुलीनं पाकीट बघितलं.

"आई, दीज आर फॉर द अदर लेडी," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

सरकारनं त्या खापरपणजीला पाच वर्षं राहून दाखव म्हटलं होतं. आमच्या मुलीची त्या घरात पाच वर्षं भरली नाहीत. मूल नव्हतं. जावयाला शेतावरच्या त्यांच्या दफनभूमीत तिच्या नावाचा एक दगड बसवायचा होता. हे म्हणाले, आमच्यात दगड बसवत नाहीत. मग अस्थी नाशिकला नेल्या आणि गोदावरीत सोडल्या. तेव्हा मला भांडायचं सुचलं नाही, अंगात तेवढं बळच नव्हतं. म्हणून तिच्या नावाचा दगडही जगात कुठे नाही.

जावई चांगला आहे. हे कबूल करताना मला त्रास होतो. वाईट असता तर किती सोपं झालं असतं, रोज उठून शिव्या देता आल्या असत्या. त्यानं पुन्हा लग्न करावं असं मीच त्याला म्हटलं होतं, आणि त्यानं केलं तेव्हा कित्येक दिवस मला अन्न गोड लागलं नाही. त्याला आता दोन लहान मुली आहेत. दर नाताळला त्यांच्या फोटोचं कार्ड येतं. मी ते फ्रिजवर लावत नाही आणि फेकूनही देत नाही.

या वर्षी बर्फ वितळता वितळता कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ह्यांनी मोठ्या कौतुकानं आमच्या शाखेचं पान मला दाखवलं. ह्यांचं नाव, शिक्षण, नोकरी, अमेरिकेत आल्याचं. शेजारी माझं, म्हणजे तांदळातलं. त्याखाली 'कन्या एक, विवाहित'. त्याखाली काही नाही. बाकीच्या शाखा पुढच्या पानावर चालू राहतात, आमची तिथे थांबते.

"विवाहित?" मी म्हटलं. "अहो, ती गेली."

"विवाहित होती ना पण. नियम आहे गं तो. मी केलेला नाही."

"नाव तरी घाला तिचं."

"एकीचं घातलं की सगळ्यांच्या मुलींचं घालावं लागेल. कमिटी ऐकणार नाही." मग ते चष्मा पुसत बसले. "आणि तिची नोंद तिकडे असेलच की. ते लोक फार सिस्टिमॅटिक असतात या बाबतीत."

मूळपुरुषापासून स्वतःपर्यंतची सगळी नावं हा माणूस एका दमात म्हणतो, रामरक्षा म्हणावी तशी. अख्ख्या अमेरिकेतल्या भावकीची माहिती काढतो. आणि पोटच्या पोरीचं नाव छापायला ह्यांना कमिटीची परवानगी लागते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तसं तोंडावर म्हटलं. हे कागद उचलून बेसमेंटमध्ये गेले. वर मला पिंगपाँगच्या टेबलापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच आवाज आला नाही. त्यांनाही रडू येतं, हे मला माहीत आहे. पण ते रडूसुद्धा नियमात बसवून रडतात, त्याचा मला राग येतो.

थोड्याच दिवसांत नेब्रास्काचं निमंत्रण आलं. यंदा मोठा मेळावा, आणि सगळा वंशवृक्ष भिंतभर छापून लावणार असं लिहिलं होतं. ते आम्हाला दर वेळी बोलावतात आणि आम्ही दर वेळी काहीतरी सांगून कॅन्सल करतो. या वेळी मी म्हटलं, जायचं. मला तिचं नाव छापलेलं बघायचं होतं. भिंत परक्याची असली तरी चालेल. एवढंच मागणं होतं माझं, ते फार मोठं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

आयोवा ओलांडेपर्यंत मक्याशिवाय काही दिसत नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता. हे ड्राइव्ह करत होते आणि खुशीत होते, कारण वंशावळ म्हटली की ह्यांना कुठलीही चालते.

"बघ, यांचंही आपल्यासारखंच आहे," हे म्हणाले. "एक मूळपुरुष येतो, जमीन धरतो आणि मग सगळं खाली वाढत जातं."

"आणि बाई?"

"बाई धरूनच म्हणतोय मी."

"हं. सपत्नीक," मी म्हटलं.

ह्यांनी रेडिओ लावला.

गाव म्हणजे एक रस्ता, धान्याचं एक उंच कोठार आणि एक चर्च. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सगळे जमले होते. लांब टेबलांवर फॉइलनं झाकलेली भांडी, लिंबू सरबताची पिंपं. प्रत्येक शाखेला वेगळ्या रंगाचे टी-शर्ट होते. मोठ्या मुलाचे वंशज निळे, मधल्याचे हिरवे, धाकट्या मुलीचे पिवळे. मुलीचे वंशज! त्यांच्यात मुलीकडूनही वंश मोजतात, लग्न झालं तरी. त्या पिवळ्या टी-शर्टातल्या जाड्याजुड्या अनोळखी माणसांकडे बघून मला एकदम बरं वाटलं. दारातल्या मुलीनं आमचा रंग विचारला. मी म्हटलं, आम्ही पाहुणे. तिनं आम्हाला पांढरे स्टिकर दिले.

चार्ट भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. वर मधोमध त्या दोघांचा फोटो. तो खुर्चीत बसलेला, ती मागे उभी, हात त्याच्या खांद्यावर. मुलगी खरंच सांगत होती, बाई हसत नव्हती. माझ्या मुलीसारखी तर अजिबातच दिसत नव्हती. त्याच्या नावाच्या वर त्याचे आईबाप, त्यांचे आईबाप, जर्मनीतलं गाव. तिच्या नावाच्या वर नुसतं प्रश्नचिन्ह. तिचं माहेरचं आडनावही कुणाला माहीत नाही. गोऱ्यांकडेही तांदूळ असतात म्हणायचे.

खाली येत येत मी जावयाची चौकट शोधली. त्याच्या उजवीकडे आताची बायको, खाली दोन मुली. डावीकडे काही नाही. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत बघितलं. आजूबाजूला घटस्फोट झालेल्या बायका होत्या, त्यांचे नंतरचे नवरे होते, कुणा एकाच्या तर तिघी होत्या ओळीनं. मूल न झालेल्याही होत्या. माझी मुलगी नव्हती.

"इथेच असेल कुठेतरी," हे म्हणाले आणि बोट फिरवत दुसऱ्याच शाखेत शोधायला लागले.

चार्ट जावयाच्या आत्यानं केला होता. शाळेत शिकवून रिटायर झालेली, गळ्यात दोरीला चष्मा, हसतमुख बाई. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी इथे मराठीत लिहिते.

"माझी मुलगी कुठे आहे?"

ती चार्टपाशी आली, बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. टेबलावरचा लॅपटॉप उघडून ती बराच वेळ काहीतरी खालीवर करत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते असं. जुनी माहिती तिच्या आईनं भरलेली, म्हणजे जावयाच्या आजीनं. आजी मागच्या वर्षी वारली. आमच्या मुलीची नोंद आजीनं केली होती, तांदळातल्या नावानं. नुसतं नाव आणि आडनाव. जन्मतारीख नाही, आईवडील नाहीत. छापायच्या आधी कॉम्प्युटरनं दोनदा आलेल्या नावांची भली मोठी यादी दाखवली, आणि त्यात हेही होतं. खापरपणजीचंही तेच नाव, तेच आडनाव. 'ही एकच व्यक्ती का?' याला आत्या यादीभर 'हो, हो' करत गेली. दोन नोंदींची एक झाली.

"त्यानंतर कॉम्प्युटर चूक दाखवायला लागला," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्याच्या मते माझ्या भाच्याचं लग्न त्याच्या स्वतःच्या खापरपणजीशी झालं होतं. ते तर शक्य नाही, म्हणून मी ती रेघ काढून टाकली."

"रेघ काढताना तुम्हाला माझी मुलगी आठवली नाही? तुम्ही लग्नाला होतात."

तिनं लॅपटॉप मिटला. लॅबमध्ये एकाच नावाच्या दोन ट्यूब आल्या की आम्ही हातातलं सगळं काम थांबवायचो. दोन माणसांचं रक्त एकाच माणसाचं समजलं तर कुणाचा तरी जीव जातो. पण ती लॅब होती. इथे एक बाई मातीच्या घरात एवढी मुलं जन्माला घालून वर फोटोत उभी होती, आणि माझी तिच्यात जिरून गेली होती. इकडच्या ग्रंथात विवाहित म्हणून नाही, तिकडच्या भिंतीवर चूक म्हणून नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मला त्या हॉलमध्ये ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण मराठीत ओरडले असते आणि ते एकट्या ह्यांनाच कळलं असतं.

जावई कधी मागे येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्यानं सगळं ऐकलं होतं. डोळे लाल झाले होते.

"आई," तो मला आईच म्हणतो, अजूनही. "मी ते प्रेमानं लिहिलं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर कुणाला बोलता येत नाही."

आत्या म्हणाली, ती आजच दुरुस्ती करेल. पुढच्या वेळी छापताना नाव बरोबर येईल. मी विचारलं, पुढच्या वेळी म्हणजे कधी? पुढच्या मोठ्या मेळाव्याला. मी म्हटलं, तेव्हा मी नसेन, मला पेन्सिल द्या. ती चार्टकडे बघून घुटमळली. एवढा महागाचा छापलेला कागद, त्यावर हातानं लिहायचं म्हणजे. हे मला हळूच म्हणाले, "अगं, त्यांचं आहे ते. आपण कसं लिहायचं?"

तेवढ्यात जावयाची आताची बायको पुढे आली. कडेवर धाकटी मुलगी होती. तिनं टेबलावरचा काळा मार्कर उचलून माझ्या हातात दिला. "पेन्सिल नको," ती म्हणाली, "पुसली जाते." आणि तिच्या स्वतःच्या चौकटीसमोरून ती बाजूला सरकली. मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि न आल्याचाही मला राग आला.

मी जावयाच्या डावीकडे चौकट काढली. रेघा वाकड्या आल्या. आत तिचं नाव लिहिलं, मी ठेवलेलं, भांडून ठेवलेलं. इंग्रजीत लिहिलं, कारण इथल्या लोकांना वाचता यायला हवं. जन्मतारीख लिहिली. दुसरी तारीख लिहिली. मग दोघांना जोडणारी रेघ काढली.

"झालं," हे मागून म्हणाले. त्यांनी मोठा श्वास सोडला. "झाली बाई एकदाची नोंद."

"आईवडील?" आत्यानं हळूच विचारलं. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या नावावर त्या चार्टमध्ये बारीक अक्षरांत तिच्या आईवडिलांची नावं होती. मी आधी ह्यांचं लिहिलं. मग माझं लिहायला लागले. पहिलं अक्षर आलं आणि हात थबकला, कारण ते नाव कॉलेजच्या शेवटच्या पेपरावर लिहिल्यानंतर मी कुठे लिहिलंच नव्हतं. पण बोटांना ते येत होतं. आईनं ठेवलेलं नाव, पुढे वडिलांचं आडनाव. सबंध लिहिलं आणि मार्करचं टोपण लावलं.

स्पेलिंग बघायला हे पुढे झाले. अशा बाबतीत ते फार काटेकोर. मुलीचं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली. मग स्वतःचं वाचलं, आडनावासकट. मग बोट पुढच्या नावावर आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी चष्मा वर करून परत वाचलं.

"हे कोण गं?" त्यांनी विचारलं.